खंडेनवमीचा ब्रेकर

सफाई करणाऱ्या सिंधूबाईंना कामावरून काढलं आणि मग मला बोलावलं. आधी निकाल आणि नंतर तपासणी, हा क्रम आमच्या व्यवसायात नवा नाही. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. विजेशी संबंधित अपघात झाला की त्याचं कारण शोधून अहवाल देणं हे माझं काम. सुरुवातीला मला वाटायचं, लोक कारण शोधायला बोलावतात. पुष्कळदा कारण त्यांनी आधीच ठरवलेलं असतं आणि त्याखाली सही तेवढी हवी असते.

पेठांच्या कडेला रस्त्याखालून जाणारा एक भुयारी मार्ग आहे. नेमका कुठला ते सांगत नाही, पुणेकर ओळखतीलच आणि मग माझी चूक काढतील. आपल्याकडे भुयारी मार्ग बांधतात आणि लोक त्याच्या डोक्यावरून, गाड्यांना हात दाखवत, रस्ता ओलांडतात. हे बदलावं म्हणून एका तरुण चित्रकार मुलीने आत एक भिंत केली. तांबट आळीतल्या कारागिरांकडून तिने तांब्याचे मोठे गोल पत्रे घडवून घेतले. त्यांवर मठारकाम होतं, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची ती जवळजवळ बसलेली चकचकीत नक्षी, जुन्या बंबांवर असते तशी. प्रत्येक पत्र्यामागे एक दिवा आणि विजेवर चालणारी एक छोटी हातोडी. पत्र्याच्या खाली बोराएवढा सेन्सर. हा सेन्सर अंगाची ऊब ओळखतो. तुम्ही समोरून गेलात की पत्रा उजळतो आणि हातोडी त्यावर एक ठोका देते. प्रत्येक पत्र्याचा नाद वेगळा. सावकाश चाला, भरभर चाला, भिंत तुमच्या चालीने वाजते. लोक मुद्दाम जिना उतरून खाली यायला लागले. पुण्यात ही लहान गोष्ट नाही.

खंडेनवमीच्या दिवशी, दिवेलागणीला, दत्तूकाका तिथे पडले. काका तांबट होते, आयुष्यभर ठोके मारून हात थकले तसं काम सोडलेलं. भिंतीतला एक पत्रा त्यांनी घडवला होता आणि ते त्यांचं शेवटचं काम. रोज संध्याकाळी येऊन ते आपल्या पत्र्यासमोर उभे राहायचे, तो वाजला की घरी जायचे. त्या दिवशी भुयारात मिट्ट काळोख होता. काका जिन्यावरून घसरले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि माझ्या तपासणीच्या आदल्याच दिवशी ते हॉस्पिटलमध्येच वारले.

ज्या खात्याकडे हे भुयार होतं तिथले उपअभियंता निंबाळकर मला वरती फाटकाशीच भेटले. नेटके, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं.

"मॅडम, केस सरळ आहे," ते म्हणाले. "सफाईवाल्या बाईने खंडेनवमी म्हणून सगळ्या सेन्सरवर झेंडूच्या माळा चढवल्या. सेन्सर आंधळे झाले. त्याआधी भिंत पाण्याने धुतली, त्यामुळे शॉर्ट होऊन नेहमीचे दिवेही गेले. ठेकेदाराला सांगून बाईला कामावरून बंद केलंय. आपला अहवाल आला की फाइल पुढे जाईल."

"अहवालात काय यायला हवं तेही ठरलंय का?"

ते हसले नाहीत. "आपण तपासा ना."

खंडेनवमी काय असते हे पुण्यात कुणाला सांगायला नको, तरी सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्याच्या त्याच्या हत्यारांची पूजा. सुतार करवतीची करतो, ड्रायव्हर गाडीची, आमच्याकडे मीटरची आणि पक्कडीची होते. यंत्राला हळदकुंकू, झेंडूची माळ, पेढ्याचा नैवेद्य. त्या दिवशी मी स्वतः माझ्या टेस्टरला गंध लावते. तेव्हा सिंधूबाईंनी केलं त्याला अंधश्रद्धा म्हणण्याचा अधिकार मला नव्हता.

फाटकाच्या बाहेर एक बाई उभी होती. साधी साडी, डोळे सुजलेले. ती काकांची मुलगी. मी निंबाळकरांबरोबर आहे हे पाहून ती पुढे आली.

"तुम्ही तपासणार का? मला कुणाची नोकरी घालवायची नाहीये. बाबा पडले कसे, एवढं मला सांगा," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी पूजा नव्हती. हातोड्या त्यांनी केव्हाच वाटून टाकल्या होत्या. म्हणाले, माझं हत्यार नाही उरलं, पण काम आहे भिंतीत, त्याला हात लावून येतो. मी म्हटलं, उद्या दसरा आहे, उद्या जा. तर म्हणाले, पूजा आज असते."

मी तिला सांगते म्हटलं आणि आत गेले. असं कबूल करायचं नसतं. कारण काय निघेल हे माहीत नसताना कुणाला काही कबूल करणं आमच्या कामात चूक धरतात. पण तिच्याकडे बघून मला दुसरं काही सुचलं नाही.

आत सुकलेल्या झेंडूचा वास कोंडला होता. पंचनामा झाल्यावर फाटकाला कुलूप लागलं, कुणी काहीही हलवायचं नाही असा निंबाळकरांचा हुकूम होता. तो हुकूम त्यांनी पाळला हे त्यांच्या बाजूने आधीच सांगून ठेवते. टॉर्चच्या उजेडात पाहिलं, माळा तशाच होत्या. बाईंनी अगदी मनापासून केलं होतं. सगळे पत्रे चिंचेने घासून लख्ख, मधोमध कुंकवाचं बोट, आणि माळा खाली सेन्सरवरून लोंबत होत्या.

भिंतीचा स्वतंत्र मेन स्विच चालू करून मी तिच्यासमोरून चालत गेले. एकही पत्रा उजळला नाही. वाळलेल्या फुलांपलीकडे माझी ऊब सेन्सरपर्यंत पोचत नव्हती. निंबाळकर म्हणाले, "बघा." मी एक माळ बाजूला केली आणि पुन्हा गेले. पत्रा उजळला, हातोडीने ठोका दिला. बंद भुयारात तो आवाज एवढा मोठा झाला की आम्ही दोघंही दचकलो.

"म्हणजे भिंतीला वीज आहे," मी म्हटलं. "शॉर्ट झाला असता तर ही पेटली नसती."

"भिंत सुकली असेल आता."

ते शक्य होतं. म्हणून मी मेगर लावला. मेगर म्हणजे तारांच्या आवरणातून वीज कुठे गळते का, हे मोजणारं यंत्र. पाणी आत शिरलं की मागे गंज राहतो, सांधे हिरवे पडतात, वाळल्यावरही खुणा जात नाहीत. भिंतीमागचे डबे मी उघडून पाहिले. सगळे कोरडे, स्वच्छ, एकही खूण नाही. चित्रकार मुलीने काम चोख करून घेतलं होतं. बाईंनी भिंत धुतली, पण पाणी विजेपर्यंत गेलंच नव्हतं.

मग मी जिन्यावर गेले. काका कुठे पडले ते पंचनाम्याच्या वेळी खडूने आखलेलं होतं, ती खूण अजून दिसत होती. शेवटच्या पायऱ्यांवर, भुयारात पाय ठेवण्याआधी. तिथे उभी राहून मी भिंतीकडे पाहिलं. पहिला सेन्सर कोपऱ्याच्या पलीकडे होता. त्याला जिना दिसतच नाही. माळा असोत वा नसोत, काका त्या पायरीवर असताना भिंत पेटण्याचा प्रश्नच नव्हता. जिन्यावर उजेड यायचा तो फक्त छतावरच्या नेहमीच्या दिव्यांचा.

"निंबाळकर साहेब, माळांचा या पडण्याशी संबंध नाही," मी म्हटलं.

"पण नेहमीचे दिवे तरी गेलेच ना? त्याच दिवशी, धुतल्यावर?"

"त्यांची लाइन वेगळी आहे. पॅनेल रूम उघडा."

किल्ली त्यांच्याकडेच होती. पण तेवढ्यात त्यांना फोन आला आणि ते किल्ली माझ्या हातात देऊन जिना चढून वर गेले. जिन्याखालची ती खोली, आम्ही तिला खोली म्हणतो, खरं तर उभं कपाट. मी टॉर्च मारला.

पॅनेलचीही पूजा झाली होती. वर माळ, खाली वाळका पेढा, त्याला मुंग्या. ही पूजा सिंधूबाईंची नव्हती. त्यांच्याकडे या खोलीची किल्ली नसते.

आता ब्रेकरबद्दल थोडं. ब्रेकर म्हणजे वीज बेसुमार वाहायला लागली की आपोआप पडणारा स्विच. त्याला बोटभर दांडी असते. दांडी वर म्हणजे चालू. दोष आला आणि ब्रेकर स्वतःहून पडला तर या जातीच्या ब्रेकरची दांडी मध्यावर येऊन थांबते. माणसाने हाताने बंद केला तर ती पूर्ण खाली जाते. वर, मध्ये, खाली. दांडी कुठे थांबली आहे यावरून पुष्कळ काही कळतं, म्हणूनच अपघातानंतर तिला हात लावायचा नसतो.

नेहमीच्या दिव्यांच्या ब्रेकरची दांडी पूर्ण खाली होती.

एवढ्यावर मी काही लिहिलं नसतं. अंधार पाहून धावत आलेल्या कुणीतरी ती मध्यावरून खाली ओढली असेल, असं कुणीही म्हणू शकतं. पण त्या ब्रेकरवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलेलं होतं. चांगलं ठसठशीत, मध्ये चार ठिपके, खाली श्री. त्याची एक रेघ ब्रेकरच्या अंगावरून निघून दांडीच्या टोकावरून पलीकडे गेली होती. कुंकू वाळून त्याची खपली झाली होती. दांडी नखभर जरी हलली असती तरी ती रेघ तुटली असती. रेघ अखंड होती.

याचा अर्थ एकच. स्वस्तिक काढलं तेव्हा ब्रेकर आधीच बंद केलेला होता आणि त्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. दिवे गेले नव्हते. ते पूजेआधीच घालवले होते.

मी फोटो काढला नाही. मोबाइल हातात होता, तरी आधी निंबाळकरांना हाक मारली. माझा नवरा याला मूर्खपणा म्हणतो. असेल. पण ज्याचं आहे ते त्याने आधी स्वतः पाहावं असं मला वाटतं. नंतर कागदावर वाचून माणूस फक्त वकील शोधतो.

ते आत आले. मी टॉर्च धरला. त्यांनी आधी दांडी पाहिली, मग स्वस्तिक पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ते इंजिनिअर होते, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"हे कुणी काढलंय?" मी विचारलं.

"मीच. दरवर्षी मीच काढतो." "सकाळी आम्ही आलो होतो. वायरमन होता बरोबर. मीच त्याला बंद करायला सांगितलं."

"का?"

"आमच्या वडिलांचं वर्कशॉप होतं, मॅडम. खंडेनवमीला मेन स्विच खाली असायचा. लेथ नाही, ड्रिल नाही, काही फिरायचं नाही. यंत्राला त्या दिवशी विश्रांती द्यायची. पूजा झालेल्याला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. मी कधी... मला वाटलं, दिवसाउजेडी काय फरक पडतो. संध्याकाळी वायरमन चालू करेल असं वाटलं. त्याला वाटलं असेल, साहेबांनी पूजा केलीय, कसा हात लावायचा."

"लेथ बंद राहिला तर कुणी पडत नाही," मी म्हटलं.

खोलीत दोन माणसांना उभं राहायला जेमतेम जागा. बाहेर रस्त्यावरच्या गाड्यांचा गडगडाट डोक्यावरून जात होता.

"आपण फोटो काढलाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी खिशातून रुमाल काढला. तो व्यवस्थित घडी केलेला होता. आता काय होणार हे मला दिसत होतं आणि मी त्यांचा हात धरणार नव्हते. रुमाल जरा ओला करून एकदा फिरवला की सगळं संपलं असतं. दांडी मध्यावर कशी आणायची हेही त्यांना माहीत होतं. मग माझ्याकडे फक्त माझा शब्द उरला असता, आणि सिंधूबाईंकडे तेवढाही नाही.

त्यांचा हात ब्रेकरपर्यंत गेला आणि थांबला.

"हात धजत नाही हो," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "घरी नवरात्राचा अखंड दिवा होता. नऊ दिवस विझू दिला नाही. रात्री उठून तेल घालत होतो."

मला त्यांचा राग आला होता, सकाळपासून होता. त्या वाक्याने तो गेला असं मी म्हणणार नाही. पण तो सोपा राहिला नाही.

त्यांनी रुमाल घडीवर घडी घालून परत खिशात ठेवला. "काढा फोटो. आणि लिहा. बंद करायला मीच सांगितलं होतं, असंच लिहा. वायरमनचं नाव नको."

"वायरमनने बंद केला हे लिहावं लागेल. कुणाच्या सांगण्यावरून तेही लिहीन."

"चालेल."

अहवाल लिहिला, गेला. निंबाळकरांची चौकशी झाली, बढती थांबली, त्यांना दुसरीकडे पाठवलं. चौकशीत त्यांनी आपलं म्हणणं बदललं नाही. काकांच्या मुलीला मी स्वतः भेटून सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "म्हणजे कुणी वाईट नव्हतंच." मग रडली. कुणावर चिडायला मिळालं असतं तर तिला बरं वाटलं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

ठेकेदाराने पुष्कळ आढेवेढे घेऊन सिंधूबाईंना परत घ्यायचं कबूल केलं. पण बाई येईनात. निरोप गेले, उत्तर नाही. शेवटी मीच मांजरी गावात त्यांच्या खोलीवर गेले. उसाच्या शेतांना चिकटून नव्या इमारती उठताहेत, त्यांच्या पाठीमागे त्या राहतात. मी नाव सांगितलं तरी त्या दारातच उभ्या राहिल्या.

"सिंधूबाई, तुमचा काही दोष नाही. अहवालात तसं लिहिलंय."

"कागदावर काय बी लिहित्यात, मॅडम." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "काका म्हनले व्हते, सिंधू, खंडेनवमीला माझ्या पत्र्याला बी एक माळ घाल. रोज बोलायचे माझ्याशी. एकाला घालून बाकीच्यांना कसं उपाशी ठेवायचं? म्हनून समद्यांना घातल्या. मी माळा घातल्या, दिवं लागलं न्हाई, काका गेलं. ह्यात कागद काय करनार?"

तांत्रिक माणसाला वाटतं, कारण सापडलं की काम संपलं. तिथे दारात उभी राहून मला कळलं की नोकरी परत मिळाली तरी ही बाई ती करणार नाही. रोज ज्या पत्र्यासमोर झाडायचं, तिथे स्वतःला रोज गुन्हेगार समजून कोण झाडेल? मी म्हटलं, "माझ्याबरोबर एकदा चला. तुम्हाला दाखवते. नाही पटलं तर मी परत आणून सोडते."

त्या आल्या. वाटेत बाजारातून मी झेंडूची माळ घेतली. भुयारात आल्यावर ती काकांच्या पत्र्याला घातली, सेन्सर झाकून, त्यांनी घातली होती तशीच. सिंधूबाईंनी तोंड फिरवलं. मी त्यांना हात धरून जिन्यावर नेलं, खडूची खूण होती त्या पायरीवर. खूण पुसट झाली होती. छतावरचे दिवे लागलेले होते.

"इथे पडले काका. आता सांगा, तुमची माळ दिसते का?"

त्यांनी मान वाकवून पाहिलं. एक पायरी खाली उतरून पाहिलं. कोपऱ्यापलीकडची भिंत दिसत नव्हती.

"न्हाई दिसत."

"काकांनाही दिसली नव्हती. ते तिथपर्यंत पोचलेच नाहीत. उजेड या वरच्या दिव्यांचा असतो आणि ते दिवे बंद केले होते. दुसऱ्यांनी. तुमच्याकडे त्या स्विचच्या खोलीची किल्लीसुद्धा नाही."

त्या वरच्या दिव्यांकडे बघत राहिल्या. मग पायरीवरच बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मीही बाजूला बसले. जाणारे-येणारे आमच्याकडे बघून बाजूने जात होते आणि आत भिंत वाजत होती, एकच पत्रा सोडून. तो सुटलेला ठोका मला ऐकू येत होता, आणि त्यांनाही येत असणार, कारण डोळे पुसून त्या उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी माळ सेन्सरवरून काढली. इकडेतिकडे पाहिलं. पत्र्याच्या वरच्या बाजूला एक खिळा होता, तिथे ती अडकवली. पुढून चालून पाहिलं. पत्रा उजळला, वाजला. भिंतीतला सगळ्यांत खर्जातला आवाज त्याचाच.

"उद्यापासून येते," त्या म्हणाल्या. "झाडलेलं न्हाई कुनी नीट. बघा की कोपरं."

आता दर खंडेनवमीच्या आधी मी माझ्या सगळ्या क्लायंटना फोन करते. पूजा करा, यंत्रं बंद ठेवा, पेढे मलाही पाठवा. फक्त जिथून माणसं चालतात तिथले दिवे चालू ठेवून पूजा करा. काही जण हसतात. एकाने विचारलं, मॅडम, तुम्हाला मुहूर्तावर फोन करायची सवय कधीपासून लागली? मी त्याला कारण सांगत बसले नाही.

पहिला फोन मी निंबाळकरांना करते. ते "हो" म्हणतात, "सकाळीच बघितले, चालू आहेत" म्हणतात आणि फोन ठेवतात.